मी घुसडलेला परिच्छेद

ही एका लेखाची हकिकत आहे, आणि त्या लेखात मी केलेल्या लबाडीची. नावं कुणाचीच घालत नाही. ही अट त्यांची, ज्यांच्याशी मी लबाडी केली. निदान एवढं तरी त्यांचं ऐकते.

इकडे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात मी ज्या घरात खोली घेऊन राहते, ते पुण्याहून आलेल्या एका जोडप्याचं आहे. दोघंही आयटीतले. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणते. घर नवं, मोठं आणि शेजारच्या घरासारखंच. पहिल्या महिन्यात मी दोनदा भलत्याच दाराला किल्ली लावली होती. दादांचे वडील त्यांच्याकडेच असतात. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीश म्हणून रिटायर झालेले. दादांची आई, म्हणजे काकू, वारल्यावर दादांनी त्यांना इकडे आणलं. इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना 'जज साहेब' म्हणतात, मी काका म्हणते, आणि नात 'आजो' अशी हाक मारून पुढचं सगळं इंग्रजीत बोलते. ते मराठीत उत्तर देतात. दोघांचं झकास चालतं.

काकांचे डोळे गेलेत. पूर्ण आंधळे नाहीत. कडेकडेनं दिसतं: दाराची चौकट, समोरून येणारं माणूस, टेबलाचा कोपरा. पण ज्या गोष्टीकडे नीट बघायला जावं तीच मधून पुसली जाते. अक्षर तर अजिबात दिसत नाही. ज्या माणसानं उभा जन्म कागद वाचण्यात घालवला त्याच्यावर ही पाळी.

मी जवळच्या ईस्ट टामाकीत एका वेअरहाऊसच्या डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात आहे. डिप्लोमा करायला आले, मग राहिले. उरलेल्या वेळात कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि वाटते. 'चहाचा ब्रेक म्हणजे उपकार नाही.' 'सेफ्टी शूज मागून घ्या, विकत आणू नका.' मराठी, हिंदी, इंग्रजी. रविवारी सकाळी अवोन्डेलच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या आणि तारोच्या कंदांच्या ढिगाऱ्यांमध्ये उभी राहून मी ती लोकांच्या हातात कोंबते. एका बाईनं माझ्यासमोरच त्यात मिरच्या बांधल्या होत्या. मी म्हटलं, बांधा, पण घरी गेल्यावर सोडून वाचा.

पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. वाक्य बोचलं पाहिजे. जे बोचत नाही ते काढून टाकायचं.

तर, मंडळाच्या वार्षिक अंकासाठी संपादकांनी काकांकडे लेख मागितला. "तुमच्या आठवणी द्या ना, जज साहेब." काकांनी साफ नकार दिला. "न्यायाधीशानं आत्मचरित्र लिहू नये. पक्षकार जिवंत असतात." पण त्याच सुमाराला वहिनीनं लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमधून एक पेटी भरून पुस्तकं आणली होती, मुख्यतः शेल्फ रिकामं दिसतं म्हणून. त्यात एक जाडजूड चरित्र निघालं. अमेरिका नुकतीच देश झाली होती, तेव्हा तिथल्या केंद्र सरकारनं जे पहिलेवहिले जिल्हा न्यायाधीश नेमले त्यांतल्या एकाचं. कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही. मी गंमत म्हणून जेवणानंतर काकांना पहिली चार पानं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपताच ते सोफ्यावर येऊन बसले. "तो घोड्यावरून निघाला होता. पुढे काय झालं?"

दोन महिने ते पुस्तक चाललं. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. हा न्यायाधीश मूळचा बेताची वकिली असलेला माणूस. ओळखीपाळखीनं नेमणूक मिळालेली. कोर्टाला इमारत नाही. एका खाणावळीच्या माडीवर, खालून मासे तळल्याचा वास येत असताना, हा एकटा बसून न्याय द्यायचा. बहुतेक खटले बंदरातले, समुद्रावरच्या भांडणांचे. एकदा खलाशांनी तक्रार केली की कप्तान किडकी बिस्किटं खायला घालतो. कप्तानाचा वकील म्हणाला, बिस्किटं उत्तम आहेत. न्यायाधीशानं जहाजावरून बिस्किट मागवलं आणि भर कोर्टात स्वतः चावून बघितलं.

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "चावलं! अगं, पंचनामा केला त्यानं तोंडानं!"

परदेशातून आलेल्या लोकांना नागरिकत्वाची शपथ द्यायचं कामही त्याच्याकडे होतं. प्रत्येक माणसासाठी तो खुर्चीतून उठून उभा राहायचा म्हणे. हे ऐकल्यावर काका सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "वरच्या कोर्टांवर सगळे लिहितात. खालच्या कोर्टात माणूस प्रत्यक्ष समोर उभा असतो, तिथल्यावर कोण लिहिणार? संपादकांना कळव. मी याच्यावर लेख देतो. तू घेशील ना लिहून?"

मी घेतला. दर रविवारी, बाजारातून आल्यावर. त्यांची पद्धत कोर्टातली. हात मागे बांधून ते हॉलमध्ये खिडकीपासून फ्रिजपर्यंत चालायचे आणि मजकूर सांगायचे, विरामचिन्हांसकट. एरवी मला 'अगं पोरी' म्हणणारे काका मजकूर सांगायला लागले की एकदम 'घ्या' म्हणायचे. "घ्या. त्या काळी न्यायदानास इमारत लागत नसे, स्वल्पविराम, माणूस लागत असे. पूर्णविराम. नवा परिच्छेद." चूक सुधारायला कधी मागे यायचे नाहीत. शेवटी म्हणायचे, "वाचा." मी सगळं वाचून दाखवायचे. मग प्रिंट काढायची आणि ते प्रत्येक पानाखाली सही करायचे. मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवायचे, तिथून पुढे पेन आपोआप चालायचं.

"काका, संपादकांना ईमेलनं फाइल हवीय. सही कुणी मागितली नाही."

"त्यांना नको असेल. मला हवी आहे." मग पेन चाचपत, "पासपोर्ट मुलाच्या कपाटात, औषधं सुनेच्या ताब्यात. सही तेवढी अजून माझी आहे. माझ्या स्टेनोनं आणलेल्या कागदावर मी तीस वर्षं न वाचता सही केली. एकदाही फसलो नाही."

नात तिथेच आइसक्रीम खात बसली होती. "Ajo, that's heaps of trust."

"हो," काका म्हणाले. "हीप्स."

चरित्रात एक प्रकरण होतं. ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. दक्षिणेतून पळून आलेला एक गुलाम त्या बंदरात दोरखंड वळायचं काम करून राहत होता. त्याचा मालक शोधत आला. तिकडचा कायदा असा की मालकानं जिल्हा न्यायाधीशापुढे कागद दाखवायचा, न्यायाधीशानं दाखला द्यायचा, की माणूस घेऊन जायला मालक मोकळा. गुलामाला बोलायची सोय नाही. आणि याच न्यायाधीशानं, बिस्किट चावणाऱ्या, लोकांसाठी उठून उभं राहणाऱ्या याच माणसानं, तो दाखला दिला. त्या संध्याकाळी मी पुस्तक आपटून बंद केलं होतं.

लेख शेवटाकडे आला. खलाशी झाले, शपथा झाल्या, म्हातारपण आलं, खुर्चीतच मृत्यू आला. "घ्या. असा न्यायाधीश मेला तेव्हा बंदरातील जहाजांनी झेंडे खाली घेतले. पूर्णविराम. संपलं. वाचा."

मी वाचलं नाही. "काका, एक प्रकरण राहिलं."

"राहिलं नाही. घेतलं नाही."

"का?"

"लेख माझा आहे."

"पण ते झालंय ना? मग लेख खोटा होतो."

"कायदा होता, पोरी. त्याच्यापुढे कायदा लिहिलेला होता, त्याला काय करता आलं असतं?"

"राजीनामा देता आला असता."

"राजीनामा दिला की खुर्ची रिकामी राहत नाही. दुसरा येतो आणि सही करतो."

"मग ती सही त्या दुसऱ्याची झाली असती!"

माझा आवाज चढला होता. वहिनी किचनमधून डोकावली. काका भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. जाताना म्हणाले, "प्रिंट पुढच्या रविवारी काढू."

त्याच आठवड्यात आमच्या वेअरहाऊसमध्ये एका बाईच्या पायावरून पॅलेटची ट्रॉली गेली. ट्रॉलीचा ब्रेक कित्येक दिवस नादुरुस्त होता, हे झाडून सगळ्यांना माहीत. चौकशीचा अहवाल आला. त्यात बाईच्या बुटांचा उल्लेख होता, तिच्या घाईचा होता, फरशी ओली असल्याचा होता. ब्रेकचा नव्हता. त्या अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. हेच मला सहन होईना. मॅनेजर मला म्हणाला, "Sweet as, we've covered everything." म्हणजे झकास, काही सुटलं नाही. मी घरी आले ती उकळतच आले, आणि लॅपटॉप उघडला.

काकांची भाषा आता मला येत होती. दहा मिनिटांत परिच्छेद झाला. तो असा:

'आणि एक प्रकरण असे आहे, जे या न्यायाधीशाचे चाहते सांगत नाहीत. दक्षिणेतून पळून आलेला एक गुलाम त्या बंदरात दोरखंड वळून जगत होता. त्याचा मालक कागद घेऊन आला. ज्या खोलीत खलाशाला न्याय मिळाला, त्याच खोलीत या माणसाला एक प्रश्नही विचारला गेला नाही. न्यायाधीशाने एका सकाळीच, हात न थांबवता, दाखल्यावर सही केली, आणि तो माणूस बेड्या घालून परत पाठवण्यात आला. कायदा न्यायाधीशाच्या बाजूने होता. कायदा नेहमीच अशा सह्यांच्या बाजूने असतो.'

मी तो शेवटून दुसरा परिच्छेद म्हणून घातला. मला तो फार आवडला. खरं सांगते, त्या वेळी मला लाज वाटली नाही. मला वाटलं, अहवालात ब्रेक घातला.

रविवारी काका म्हणाले, "वाचा." मी वाचलं. त्या परिच्छेदापाशी आले, श्वास घेतला, आणि डोळे खाली उतरवून पुढच्या परिच्छेदावर गेले. झेंडे खाली आले. "ठीक," काका म्हणाले. मी त्यांचं बोट धरलं आणि सहीच्या जागेवर टेकवलं. शेवटून दुसऱ्या पानावर ते बोट नेमकं त्या परिच्छेदावरून सरकत खाली गेलं. सही झाली. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "पाय कसा आहे त्या बाईचा?"

अंक आला तेव्हा वसंत लागला होता. रविवारचं जेवण. पोळ्या, मटकीची उसळ, दही. दादा म्हणाले, "बाबा, तुमचा लेख वाचून दाखवतो सगळ्यांना."

मी म्हटलं, "जेवण होऊ दे ना."

"अगं, जेवताजेवताच."

दादांनी वाचायला सुरुवात केली. दादा वाचतात छान, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली. खाणावळीची माडी आली, बिस्किट आलं, वहिनी हसली. मला पुढचं प्रत्येक वाक्य पाठ होतं. किती वाक्यं उरलीत ते मी मोजत होते. माझ्यापुढची उसळ तशीच. उठून जावं असं तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा मी जागची हलले नाही.

"'आणि एक प्रकरण असे आहे,'" दादा वाचू लागले, "'जे या न्यायाधीशाचे चाहते सांगत नाहीत.'"

काकांचा हात पोळीचा तुकडा मोडत होता. तो थांबला. दादांनी परिच्छेद पुरा केला. आवाजात मस्त चढउतार घेऊन केला.

"बाबा!" वहिनी म्हणाली. "हे काय भारी लिहिलंय तुम्ही! अंगावर काटा आला."

काकांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. समोरचं दिसत नाही म्हणून ते जरा तिरपे बघतात. तसे तिरपे बघून ते म्हणाले, "पुढे वाच."

संध्याकाळपासून मंडळाच्या ग्रुपवर मेसेज येऊ लागले. एकानं लिहिलं, जज साहेबांनी हिंमत दाखवली. दुसऱ्यानं लिहिलं, इथे मॉर्गेजचं बघा आधी, अमेरिकेतल्या गुलामांचं काय घेऊन बसलात. तिसऱ्यानं नुसती टाळी. संपादकांचा फोन आला. वहिनीनं तो स्पीकरवर ठेवून काकांसमोर धरला. "साहेब, तो गुलामाचा परिच्छेद म्हणजे लेखाचा प्राण आहे हो."

"धन्यवाद," काका म्हणाले.

एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील, दादांना सांगतील, मला खोली सोडायला लावतील. मी तयारी ठेवली होती. भांडायला मला येतं. पण ते तीन दिवस माझ्याशी नेहमीसारखेच बोलले, फक्त 'अगं' गेलं. "आज थंडी आहे का बाहेर?" "तुमची शिफ्ट किती वाजता?" संध्याकाळचं वाचन बंद. पुस्तक संपलंच होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी मला सुट्टी होती. काका जँडल, म्हणजे रबरी चपला, काढून बूट घालून दारात उभे राहिले. "तळ्यापर्यंत येता?" आमच्या वसाहतीच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं आहे, भोवती फरसबंदी वाट. मी त्यांचं कोपर धरलं. अर्धी वाट झाली. समोरून येणारे एक आजोबा "किया ओरा" असा इथला नमस्कार करून गेले, काकांनीही केला.

मग म्हणाले, "त्या दिवशी वाचताना तू एका ठिकाणी श्वास घेतलास. मला वाटलं, खोकला येतोय."

"काका, मी—"

"थांब. तुझं म्हणणं नंतर. आधी सांग, किती तारखा झाल्या?"

"कसल्या?"

"दोरखंडवाल्याच्या प्रकरणात. तूच वाचलंस मला."

मला आठवायला वेळ लागला नाही. "दोन."

"पहिली कशासाठी?"

"मालकाच्या कागदावर साक्षीदाराची सही नव्हती म्हणून."

"दुसरी?"

"न्यायाधीश आजारी होता."

"होता आजारी?"

"पुस्तकात लिहिलंय की त्या दिवशी तो शेजाऱ्यांना आपल्या बागेत दिसला."

"म्हणजे?"

"नव्हता आजारी."

"आणि तू काय लिहिलंस?"

मी पाण्याकडे बघितलं.

"म्हण. मुलानं वाचलं ते मला पाठ झालंय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"एका सकाळीच. हात न थांबवता."

"पुरावा?"

तळ्याकाठी पुकेको जातीच्या पाणकोंबड्या गवत उपटत होत्या. मला एकदम राग आला. आपण पकडले गेलो की येतो तसला राग. "दोन तारखांनी तो माणूस सुटला का काका? नाही ना? बेड्या पडल्याच ना? मग हा बागेत फिरला त्याचं कौतुक कशाला करायचं?"

"कौतुक कोण करतंय?" काका थांबले. "दोन तारखा दिल्या म्हणजे त्याला कळत होतं. आजाराचं सोंग घेतलं म्हणजे चांगलंच कळत होतं. कळत असून त्यानं सही केली. तू लिहिलंस की त्यानं विचार न करताच केली. अगं, तू त्याला सोडून दिलंस."

मी दहा पत्रकं लिहिली असती तरी हे मला सुचलं नसतं. बोचावं म्हणून मी जे काढून टाकलं होतं, खरा गुन्हा त्यातच होता.

आम्ही बाकावर बसलो. काका गुडघे चोळत म्हणाले, "तालुक्याच्या गावी होतो. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. एक बाई भाड्याच्या जागेत पिठाची गिरणी चालवायची. जागेच्या मालकाचा दावा पक्का. मी तीन तारखा दिल्या. तुझी काकू म्हणाली, तुम्ही जेवत नाही धड, देऊन टाका एकदाचा निकाल. दिला. ताबा मालकाला. आमचं दळण त्याच गिरणीतून यायचं. पुढच्या आठवड्यात शिपाई डबा तसाच परत घेऊन आला. म्हणे, गिरणी बंद झाली साहेब. जसं काही मला माहीतच नाही."

"निकाल चुकीचा होता?"

"कायद्यानं अगदी बरोबर. वर अपील झालं, कायम झाला."

"मग?"

"मग काय. त्या दोरखंडवाल्याचा परिच्छेद मला घेता आला नाही. नंतर घेणार होतो असंही सांगत नाही तुला. घेणारच नव्हतो."

मी म्हटलं, "तरी तो लेखात यायला हवा होता." हे मी मुद्दाम लिहितेय. मी माफी मागायच्या आधी हे म्हटलं. मला अजूनही तसंच वाटतं.

"हो," काका म्हणाले. "यायला हवा होता. माझ्या तोंडून."

मग मी माफी मागितली. नीट मागितली. म्हटलं, मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिते की तो परिच्छेद माझा आहे, काकांना माहीत नव्हता, वाचून दाखवताना मी गाळला. सगळं.

"अजिबात नाही."

"पण खरं तेच आहे ना!"

"तू लिहिलंस की तुझं मन मोकळं होईल. आणि माझं काय होईल ते बघ. म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याच्या सहीवर कुणीही काहीही खपवतं. उद्या मी बँकेच्या कागदावर सही केली तर मुलगा विचारेल, बाबा, कुणी वाचून दाखवलं? मृत्युपत्रावर केली तर वकील विचारेल. एकदा हे बाहेर पडलं की माझी सही संपली." ते उठले. "सही माझी आहे त्याच्याखाली. केली म्हणजे केली. आता जे चुकलंय ते मलाच दुरुस्त करायचंय. घरी चला. संपादकांसाठी शुद्धिपत्र घ्या."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. काका चालले नाहीत, खुर्चीत बसून सांगू लागले. माझ्या परिच्छेदातला एकही शब्द त्यांनी काढला नाही, ते दोन तुकडे सोडून. "घ्या. मागील लेखात 'एका सकाळीच, हात न थांबवता' असे छापले गेले. ते खरे नाही. न्यायाधीशाने दोन तारखा दिल्या. दुसऱ्या वेळी त्याने आजाराचे निमित्त केले. तिसऱ्या वेळी त्याने सही केली. आपण काय करीत आहोत हे त्याला ठाऊक होते. पूर्णविराम." खुर्चीला पाठ टेकली. मग, "नवा परिच्छेद. प्रस्तुत लेखकानेही आपल्या नोकरीत अशा तारखा दिल्या आहेत आणि नंतर सह्या केल्या आहेत. हे लेखातच सांगायला हवे होते. पूर्णविराम. प्रिंट काढा."

मी प्रिंट काढली आणि सवयीनं वाचायला कागद उचलला.

"तुम्ही नको," काका म्हणाले. आणि वहिनीला हाक मारली. वहिनी ऑफिसच्या कॉलवरून नुकतीच उठली होती, हेडफोन गळ्यात तसाच. "जरा हे वाचून दाखव."

"मी? हिचा घसा बसलाय का?"

"नाही. तू वाच."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी खाली. तिनं उभ्याउभ्याच वाचलं, जरा घाईत. शेवटचं वाक्य वाचून ती गोंधळली. "बाबा, हे नोकरीचं कशाला? कुणी विचारलंय का?"

"शब्दन् शब्द वाचलास? काही गाळलं नाहीस ना?"

वहिनी हसली. "मी कशाला गाळू?"

काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि बोट पुढे केलं. वहिनीला कळेना काय करायचं ते. माझा हात आपोआप निम्म्यापर्यंत गेला होता. तो मी मागे घेतला आणि तिला सांगितलं, बोट धर, खाली उजवीकडे टेकव. तिनं टेकवलं. जागा थोडी चुकली, सही तिरपी झाली, शेवटच्या ओळीवर चढली.

"झाली नीट?" काकांनी तिला विचारलं.

"झाली," ती म्हणाली.